दुसऱ्या रिळात काय होतं

शिक्षकानं विद्यार्थ्यापासून काही लपवू नये, जे आहे ते सांगून टाकावं, याहून पवित्र कर्तव्य त्याला नाही. माझ्या निरोपसमारंभात मी हे वाक्य बोललो आणि टाळ्या पडल्या. निम्मे लोक भाषण संपायची आणि चिवडा यायची वाट पाहत होते हे धरलं, तरी वाक्याला वजन होतं. अडचण एकच. सगळ्या नोकरीत मी ते वाक्य पुरतं पाळलं असेल तर एकदाच, आणि त्या एका खेपेला एका मुलीची शाळा सुटली.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही. आणि ज्यांना सांगायलाच हवं होतं, त्यांना तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण. दुसरं शोधतो आहे.

पण आधी आडे गुरुजींबद्दल सांगू द्या. त्यांना पाहिल्याशिवाय माझा गुन्हा तुम्हाला गुन्हाच वाटणार नाही. तुम्ही म्हणाल, एवढंच ना?

दारव्ह्यापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवरचं गाव. तिथं जनपद सभेची प्राथमिक शाळा, आणि मी तिचा हेडमास्तर. अमरावतीला इंटरपर्यंत शिकलेला, इंग्रजी पुस्तकं वाचणारा, आणि या दोन्ही गोष्टी संधी मिळेल तिथं लोकांच्या कानावर घालणारा. छप्पन साली आम्ही मध्य प्रदेशात झोपलो आणि मुंबई राज्यात उठलो. झोपेत फरक जाणवला नाही, पण परिपत्रकांची भाषा बदलली. हाताखाली जे शिक्षक होते, त्यांतले एक थावरसिंग आडे. नाल्यापलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यातले. त्यांच्या आजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. वडिलांनी बैल विकून जमीन घेतली. आणि हे सातवी झाले आणि मास्तर झाले. तांड्यातले पहिले. घरी गोरबोली, गावात वऱ्हाडी, आणि बाहेरच्या माणसाशी हिंदी. वर्गात ते तिन्ही वापरत. मी एकच वापरत असे, पुस्तकातली. माझ्या वर्गात मुलं अगदी शांत बसत. हे शिस्तीचं लक्षण आहे, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

मग एका वर्षी वरून परिपत्रक आलं: यापुढे ‘दृक्-श्राव्य साधनां’नी विद्यार्थ्यांची ‘ज्ञानलालसा जागृत’ करावी. वाचून मी हसलो. आमच्याकडे खडू वेळेवर येत नव्हता. पण परिपत्रकापाठोपाठ खरोखरच एक गाडी आली. सिनेमाची गाडी. तिच्यात प्रोजेक्टर, गुंडाळलेला पडदा, पत्र्याच्या चपट्या डब्यांतली रिळं, आणि हे सगळं चालवणारे कादरभाई. यवतमाळचे, सडपातळ, कडक इस्त्रीचा सदरा घालणारे, आपल्या यंत्राला कोणी हात लावला तर घरच्या माणसाला धक्का लागल्यासारखे कळवळणारे. गावात वीज नव्हती. गाडीसोबत जनरेटर होता, आणि तो इतका धडधडे की ‘श्राव्य’ तिथंच संपे. उरे ते ‘दृक्’. आवाज ऐकू आला असता तरी उपयोग नव्हता. निवेदन इंग्रजीत होतं.

खेळ भर दुपारी व्हायचा, कापसाची सरकी काढणाऱ्या जिनाच्या रिकाम्या गोदामात. हंगाम सुरू व्हायच्या आधी ते मोकळं असे. दारं लावली, फटींना गोणपाटाचे बोरे टांगले, की आत काळोख. फक्त जुन्या पत्र्याला जिथं जिथं खिळ्यांची भोकं होती, तिथून उन्हाचे ठिपके मुलांच्या डोक्यांवर पडत. पहिल्या खेळाला मी पडद्याशेजारी उभा राहिलो आणि चित्र सरकेल तसं शुद्ध मराठीत समजावून सांगत गेलो. ‘बीजाचे अंकुरण’ होतं ते. मी छान बोललो. दिवे — म्हणजे दारं — उघडली तेव्हा पुढच्या दोन रांगा झोपलेल्या होत्या.

कादरभाई डबा बंद करणार, एवढ्यात आडे गुरुजी म्हणाले, “भाई, एक बार और. थोडाच.” आणि ते पडद्याशेजारी उभे राहिले नाहीत. मुलांमध्ये मांडी घालून बसले. पडद्याकडे पाठ, मुलांकडे तोंड. मी आजवर कोणाही माणसाला सिनेमा असा पाहताना पाहिलेलं नाही. पडद्यावर काय चाललंय हे ते मुलांच्या चेहऱ्यांवर वाचत होते. बी फुटलं, मूळ खाली गेलं, कोंब मान वर काढू लागला — आणि गुरुजींनी हात वर केला. कादरभाईंनी दिवा विझवला. काळोख.

“कत?” गुरुजींनी विचारलं.

गोरबोलीतला शब्द. म्हणजे ‘कुठं?’ तांड्यातली मुलं एकदम ओरडली, “उप्पर! उप्पर!” गावातली मुलं गोंधळली, मग तीही ओरडली. एक म्हणालं, “खाली!” दुसऱ्यानं त्याला ढोसलं, “काहून खाली, बावळ्या? मूळ खाली गेलं ना!” झोपलेल्या दोन्ही रांगा भांडत होत्या. गुरुजींनी उत्तर दिलं नाही. दार उघडलं आणि म्हणाले, “जा घरी.”

दुसऱ्या दिवशी निम्म्या वर्गानं घरून बिया आणल्या होत्या. सरकी, तूर, ज्वारी, एकानं तर चिंचोका. ओल्या चिंधीत बांधून शाळेच्या खिडकीत ओळीनं मांडल्या. रोज शाळा भरायच्या आधी पोरं खिडकीशी. पुढची गोष्ट याहून गमतीची. एका मुलाचा बाप शाळेत आला, डोक्याचं पागोटं सावरत म्हणाला, “गुरुजी, ते सिनेमातलं बियाणं मले पायजे. पोट्टं सांगते, बसल्या जागी उगवते म्हने.” मी हसू आवरत खोलीत गेलो. आडे गुरुजी हसले नाहीत. त्यांनी त्याला खिडकीपाशी नेलं, चिंध्या दाखवल्या, आणि म्हणाले, “हेच हाय ते. फक्त सिनेमावाला घाईत होता.” तो माणूस त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी मुलाची चिंधी पाहायला यायचा. आणि जाताना वर्गाच्या दारात थोडा वेळ उभा राहायचा.

मी गुरुजींना विचारलं, “शेवट का दाखवत नाही? सरकारनं पूर्ण चित्रपट पाठवलाय.” ते म्हणाले, “हेडमास्तर साहेब, म्या उत्तर देल्लं त पोट्टे ते घेऊन घरी जाते न् झोपते. नाई देल्लं त प्रश्न त्यायच्यासंगं घरी जाते न् त्यायले झोपू देत नाई.” मी मान हलवली. मनात म्हटलं, हे मी एका इंग्रजी पुस्तकात वाचलंय. वाचलं होतंच. केलं कधी नव्हतं.

आता तुम्हाला माझा आजार कळला असेल. कौतुक होतं, खोटं सांगत नाही. आजही आहे. पण कौतुकाच्या पोटात दुसरं काहीतरी वाढत होतं. तांड्यातला सातवी झालेला माणूस — आणि मुलं त्याच्या मागे. मला इतक्या वर्षांत एकाही मुलानं एकही प्रश्न विचारला नव्हता. ‘गुरुजी, पाणी पिऊन येऊ का’ सोडून. तुम्ही शिक्षक असाल तर हे वाचून हसू नका. आधी आठवून पाहा.

पुढच्या वर्षी जहाजाचा सिनेमा आला.

तो दोन रिळांचा होता. पहिल्यात कापूस. वेचणी, गाड्या, जिन, मग रुईच्या दाबून बांधलेल्या गठाणी. मुलं बसल्या जागी उसळत होती. हे तर आमचंच! एका गठाणीवर काळ्या रंगात अक्षरं रंगवली जातात आणि पुढे कॅमेरा तिचीच पाठ धरतो: आगगाडी, मुंबई, धक्का, हवेत लोंबणारी गठाण, जहाजाचं पोट. मग समुद्र. आमच्या मुलांनी गावच्या तलावापेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. भोंगा — तो आम्हाला दिसला, ऐकू आला नाही — आणि जहाज लहान लहान होत गेलं. एक ठिपका. आणि रीळ संपलं. पट्टीचं शेपूट चाकावर फटफटायला लागलं, पडदा पांढरा झाला.

गुरुजींना हातही वर करावा लागला नाही. सबंध गोदाम ओरडलं, “कत?” गावातली मराठी पोरंसुद्धा.

कादरभाई दुसऱ्या डब्याकडे वळले. गुरुजी म्हणाले, “रहने दो भाई. दिवाली के बाद.”

“पब्लिक मारेगी मास्टरजी, मेरे को!”

“नहीं मारेगी. पढेगी.”

आणि खरंच. पुढच्या दिवसांत त्या शाळेत जे झालं ते मी हेडमास्तर म्हणून फक्त पाहिलं. मुलांनी माळ्यावरचा नकाशा खाली काढला. उंदरांनी त्यातलं अर्धं काठेवाड खाल्लं होतं, पण समुद्र शाबूत होता. दारव्ह्याची छोटी गाडी कुठं जाते, मोठी लाइन कुठं मिळते, बोट ठेवून वाद. जिनाच्या मुनिमाला पोरांनी इतकं छळलं की तो माझ्याकडे तक्रार घेऊन आला. कोणी म्हणे जहाज अरबांकडे गेलं, कोणी म्हणे चीनला. एकाची ठाम समजूत होती की समुद्र संपतो तिथं उमरखेड लागतं.

आणि झमकू.

तिच्याबद्दल लिहायचं आहे, म्हणून इतका वेळ बियांबद्दल लिहीत बसलो. तांड्यातली मुलगी. दुसरीत दुसऱ्यांदा बसलेली, वर्गात सगळ्यांत उंच, अक्षरांशी वैर. वर्षभर तिनं पाटीवर जे काढलं ते गुरुजींच्या मते ‘क’ होतं आणि माझ्या मते बैल. जहाज पाहिल्यावर तिला एकच ध्यास लागला: त्या गठाणीवर काय लिहिलं होतं? जिनाच्या फाटकाशी जाऊन ती उभी राही. आवारात पडून राहिलेल्या गेल्या हंगामाच्या गठाणींवर अशीच अक्षरं असत. एकेक अक्षर काडीनं धुळीत उतरवायचं, पळत शाळेत यायचं आणि गुरुजींना विचारायचं. दसरा उलटेपर्यंत ती मुलगी वाचायला लागली होती. जोडाक्षरांना अडखळत, पण वाचत होती. मी तिच्या तोंडून पहिल्यांदा एक सबंध ओळ ऐकली तेव्हा मी दाराशी होतो. आत गेलो नाही. का गेलो नाही? चांगलं म्हणायला काय लागतं?

पण कापूस फुटला होता. तिचा बाप फुलसिंग गुरुजींना म्हणाला, वेचणीला हात पाहिजेत, पोरगी उद्यापासून शेतात. गुरुजींनी त्याला अडवलं नाही. फक्त म्हणाले, ते जहाज कुठं पोचलं तेवढं पाहू दे तिला, मग ने. फुलसिंगनं विचार केला आणि म्हणाला, “बोली झाली.”

ही बोली म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नसेल. लदेणीवर, म्हणजे बैलांवर माल लादून नेण्यावर, जगलेल्या माणसांचा तो कायदा. माल ठरल्या जागी पोचेपर्यंत शब्द मोडायचा नाही, मग वाटेत बैल मरो की नदी येवो. आणि माल पोचला की बोली संपली. पुढे कोणी कोणाचं देणं लागत नाही. जहाज पोचेपर्यंत झमकू शाळेत. फुलसिंग ते मोडणं शक्य नव्हतं.

गुरुजी खुशीत होते. मला एकट्याला सांगितलं त्यांनी, विश्वासानं. दिवाळीनंतर गाडी आली की दुसरं रीळ दाखवायचं, आणि त्याच दुपारी लगेच पुढच्या सिनेमाचं पहिलं. पुन्हा नवी बोली. “असं करत करत चौथी काढतो पोट्टीची,” ते म्हणाले. “फुलसिंगले समजनच नाई का बैल कुठं उतरवाचे हाय.”

म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. हे नीट लक्षात ठेवा. मी अजाणतेपणी काही केलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधीची दुपार. शाळा सुटलेली, आडे गुरुजी दारव्ह्याला पगार आणायला गेलेले. मी व्हरांड्यात खुर्ची टाकून शिळं इंग्रजी वर्तमानपत्र वाचत होतो. झमकू पायरीशी येऊन उभी राहिली.

“गुरुजी, एक इचारू का?”

“विचार.”

“ते जहाज कत गेलं?”

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. “आडे गुरुजींना विचारलंस?”

“ते सांगत नाई ना. म्हणते, पायशीन तवा समजन.” तिनं त्या इंग्रजी पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तुमाले माहीत हाय का?”

आता काय सांगू तुम्हाला? त्या प्रश्नाची वाट मी किती वर्षं पाहत होतो? एक मूल, स्वतःच्या पायांनी चालत येऊन, मला विचारत होतं. मला. मला माहीत नव्हतं. मी दुसरं रीळ पाहिलेलं नव्हतं. ‘नाही’ म्हणायला एक शब्द पुरला असता.

मी सांगितलं. जहाज विलायतेला गेलं. तिथं मोठ्या गिरण्या आहेत, तिथं आपल्या कापसाचं सूत होतं, सुताचं लुगडं होतं, आणि ते लुगडं पुन्हा जहाजात बसून आपल्या बाजारात येतं. लहानपणी आमच्या मास्तरांनी आम्हाला हेच शिकवलं होतं, चरख्याच्या दिवसांत. मी हातवारे करून सांगितलं. सुंदर सांगितलं असणार, कारण तिनं माझ्यावरची नजर एकदाही काढली नाही.

“म्हंजे म्या वेचलं तेच माही याडी बजारातून इकत आणते?”

“तेच. तुझी आई आणते तेच.”

तिनं आपल्या घागऱ्याची कड बोटांत धरून पाहिली. मग हळूच म्हणाली, “बाप्पा!”

सगळ्या नोकरीत मला इतका चांगला विद्यार्थी मिळाला नाही. आणि इथं थांबलो असतो तरी — पण थांबलो नाही. ती म्हणाली, “मंग दुसरं रीळ नाई पायलं तरी चालते?” तिला ते विचारायचं नव्हतं. तिला मी ‘नाही, पाहायलाच हवं’ म्हणायला हवा होतो. तिचा चेहरा मला दिसत होता.

मी म्हणालो, “आता कशाला थांबतेस?”

हेच ते वाक्य. एवढ्यासाठी एवढं लिहिलं. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे झमकू नव्हती. दिवाळीनंतर गोदामात गुरुजी दुसरा डबा उघडायला सांगतील आणि त्यांची सगळ्यांत लाडकी विद्यार्थिनी तिथं नसेल, हे होतं. वर मी आणखी एक पुस्ती जोडली: “आडे गुरुजींना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल.”

ती म्हणाली, “नाई सांगत.”

सुट्टीनंतर तिची जागा रिकामी होती. गुरुजी तांड्यावर गेले आणि परत आले ते थकून. मुलगी वेचणीला गेलेली. फुलसिंग म्हणतो, जहाज पोचलं, पोरीला सगळं ठाऊक आहे, बोली संपली. “विलायतेत गेलं म्हने, तिकडून लुगडं होऊन वापस आलं. कोनं सांगतलं म्हटलं, त पोट्टी तोंड उघडत नाई. कोनं सांगतलं असन, साहेब?”

मी म्हणालो, “कादरभाईंशिवाय कोण? दुसरं रीळ त्यांनीच पाहिलंय.”

इतक्या सहज. मला विचारही करावा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. गोदाम आता कापसानं भरलं होतं, म्हणून खेळ शाळेच्याच खोलीत, खिडक्यांना घोंगड्या लावून. गुरुजींनी मुलांदेखत कादरभाईंना विचारलं. मी गुरुजींना चिडलेलं तेवढंच पाहिलं. कादरभाईंचा चेहरा पडला. मग लाल झाला.

“मास्टरजी, उस बच्ची को मैंने ठीक से देखा भी नहीं. और दूसरे रील में बताने लायक है क्या? खुद देख लो!” त्यांनी डबा उघडला, रीळ चढवलं आणि आम्ही पाहिलं.

जहाज नव्हतं. गठाण नव्हती. विलायतही नव्हती. बंदरात एक नवा धक्का बांधला होता आणि त्याचं उद्घाटन होतं. एक गृहस्थ मोटारीतून उतरले. हार. आणखी हार. फीत कापायला गेले तर कात्री चालेना, दुसरी कात्री आली, टाळ्या. मग ते बोलू लागले. जनरेटरच्या धडधडाटात पडद्यावर एक माणूस बराच वेळ तोंड हलवत राहिला. काळोखातून कोणीतरी विचारलं, “गुरुजी, हा कोन होय?” दुसऱ्यानं सांगितलं, “जहाज गिळलं त्यानं!” पोरं हसून लोळली. रीळ संपलं.

गुरुजी हसले नाहीत. ते कादरभाईंपुढे गेले आणि सगळ्यांसमोर हात जोडले. “भाई, गलती हो गई.” कादरभाई विरघळले. “अरे छोडो मास्टरजी. सब दूसरे रील ऐसेच रहते. पहला बनाता है बनानेवाला, दूसरा बनाते हैं साहब लोग.” त्या दिवसापासून दोघांचं ठरलं: या शाळेत दुसरं रीळ दाखवायचं नाही. कुठलंच.

पण गुरुजींनी हात जोडले त्याचा अर्थ तुमच्या लक्षात आला ना? जे रिळात नव्हतंच, ते कादरभाई सांगू शकत नव्हते. विलायत, गिरणी, लुगडं — हे पुस्तकातलं होतं. आणि त्या गावात पुस्तकातलं बोलणारा माणूस एकच होता.

संध्याकाळी गुरुजी पुन्हा तांड्यावर गेले. सकाळी माझ्या खोलीत आले. माझ्याकडे पाहिलं नाही, घंटेकडे पाहत बोलले. “फुलसिंग म्हनते, जहाज पोचलंच नाई असन त बोली अजून हाय. पण पोरगी खोटं बोलत नाई. ज्यानं सांगतलं त्यानं येऊन म्हनाव, का खोटं सांगतलं होतं म्हून. उद्यापासून पोरगी शाळेत.”

ते थांबले. मला वेळ देत होते. त्यांच्याजवळ मला लाजवण्याचं सगळं सामान तयार होतं, आणि त्यांनी त्यातलं काही वापरलं नाही. वर्गात ते जसे थांबत, तसे थांबले — उत्तर समोरच्याच्या तोंडून यावं म्हणून.

मी म्हणालो, “पण तो माणूस सापडायला हवा.”

“व्हय,” गुरुजी म्हणाले, आणि घंटा द्यायला गेले.

पुढे किती वर्षं आम्ही एकत्र काम केलं. साठ साली राज्य पुन्हा बदललं, दोन वर्षांनी शाळा जिल्हा परिषदेकडे गेली, त्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही. माझा मान राखण्यात तसूभर कमी केलं नाही. कादरभाई येत राहिले, पहिली रिळं दाखवत राहिले. त्या शाळेतून तांड्याची मुलं दारव्ह्याच्या हायस्कुलात गेली, काही मुली गेल्या. त्या अपुऱ्या सिनेमांनी आमच्या मुलांना जितकं शिकवलं, तितकं माझ्या पूर्ण धड्यांनी शिकवलं नाही, हे मी कोणाच्याही समोर म्हणायला तयार आहे. हे म्हणणं सोपं आहे.

झमकू मला बाजारात दिसायची. रामराम करायची. तिनं नाव शेवटपर्यंत सांगितलं नाही. शब्द दिला होता ना. एकदा कापडाच्या दुकानात ती आपल्या लहान मुलीला लुगड्याचा पदर हातात देऊन सांगताना ऐकलं, “हे आपलाच कापूस होय, विलायतेतून आलं.” मी दुकानाबाहेरूनच वळलो. मुनिमाकडे मी कधीतरी चौकशी केली होती. आमच्या जिनाच्या गठाणी समुद्रापर्यंत जातच नव्हत्या. वऱ्हाडातल्याच एका गिरणीत उतरत होत्या.

तांडा लांब होता असं नाही. नाला ओलांडला की तांडा. फुलसिंगनं निरोप पाठवला त्याच आठवड्यात मी तिथं गेलोही होतो, त्याच्या शेजारच्या घरी तूप आणायला. तूप चांगलं निघालं.